एका ओळीत बसवलेल्या विनंत्या

माझ्या काकांना आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे तोंडावर कात्रीकाका म्हणायचे आणि पाठीमागे नुसतं कात्री. काकांना दोन्ही चालायचं. "दुसरं जास्त चांगलं," ते म्हणायचे, "दोन अक्षरं कमी लागतात."

एक्केचाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली. उंच स्टूल, डाव्या खांद्यावर खिडकीचा उजेड, ओळीखाली लाकडी पट्टी आणि उजव्या हातात तांबडी पेन्सिल. चुका शोधणं हे त्यांचं काम होतं, पण ते तेवढ्यावर थांबायचे नाहीत. जास्तीचा शब्द दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. लेखक लोक भांडायला यायचे आणि बहुतेक वेळा चहा पिऊन, मान डोलवत परत जायचे. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर ते काकांनी कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, "एकच गोष्ट दिवसभर परत परत सांगतं."

काकूला लग्नाआधी त्यांनी एकच पत्र लिहिलं होतं. 'रविवारी येतो. होकार असेल तर दार उघडं ठेवा.' काकूने दार उघडं ठेवलं, आणि पुढची तीस वर्षं दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलली. ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की आमच्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकसाहेबांना, काळजी वाटली. त्यांनी काकांना रविवारच्या उपासनेचं पत्रक सांभाळायला दिलं, आणि मला, म्हणजे त्यांच्या पुतणीला, त्यांच्या हाताखाली. मी टाइप करायचं, छापायचं आणि रविवारी पुढे उभं राहून वाचायचं.

त्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर प्रार्थनेच्या विनंत्या असत. ही गोष्ट त्या पानाची आहे. त्या पानासाठी एकाच हस्ताक्षरातल्या पाच चिठ्ठ्या आल्या आणि सहावी आली नाही.

चर्चच्या दाराशी भिंतीवर एक लाकडी पेटी आहे. पेटीला बारीक फट, बाजूला दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि काकांनी रद्दी कापून केलेल्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या. ज्याला जे मागायचं ते लिहायचं, घडी घालायची, टाकायचं. नाव लिहायची सक्ती नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता काका पेटी उघडत, चिठ्ठ्या घेऊन मागच्या खोलीत बसत आणि एकेक विनंती एका ओळीत आणून मला सांगत. चिठ्ठ्या मला दिसत नसत. तो नियमच होता. रविवारी ओळी वाचून झाल्या की काका मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या जाळत, कोणाच्या घरातलं कोणाच्या हाती लागू नये म्हणून. आमच्या मंडळीला या रीतीचा फार अभिमान होता. दुसऱ्या चर्चची माणसं येऊन ती पेटी बघून जात.

काकांचे नियम पक्के होते. एक विनंती, एक ओळ. ज्याची लाज जाईल त्याचं नाव नाही. विशेषणं नाहीत. आणि शेवटचा नियम, जो सगळ्यात कडक होता: जो माणूस उत्तर द्यायला समोर नाही, त्याच्याविरुद्ध एक शब्द नाही.

"प्रभूने शिकवलेली प्रार्थना बघ," ते मला सांगायचे. "एका दमात म्हणून होते. कोणाची चहाडी आहे तिच्यात? थोडक्यात लिहिलं की ऐकणाऱ्याचा मान राहतो. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो समोर बसलाय असं समजून लिहिलं की त्याचाही राहतो."

बोलणं कसं सोन्यासारखं. मलाही पटायचं, आणि आजही त्यातला एक शब्दही खोटा आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून तर राग कोणावर काढावा ते कळत नाही.

त्या शेवटच्या नियमामागे एक माणूस होता. काका तिशीत असताना छापखान्यात एका मासिकाचं प्रूफ आलं. त्यात कोणा पालकाचं पत्र होतं: अमक्या शाळेतले मास्तर मुलांना काठीने मारतात. काकांनी दोन काने आणि एक वेलांटी दुरुस्त केली आणि पान पुढे पाठवलं. महिन्याभरात कळलं की ते पत्र सूडापोटी लिहिलेलं होतं, मास्तरांनी कोणाला बोटही लावलेलं नव्हतं. तोवर मास्तरांची नोकरी गेली होती. पुढे ते गाव सोडून गेले आणि त्यांच्या बायकोने काकांना छापखान्याच्या पायऱ्यांवर गाठलं. ती म्हणाली, "तुम्ही शेवटचे वाचणारे होतात ना?" एवढंच. काकांनी हे मला एकदाच सांगितलं आणि त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत.

आता ती बाई. ती घरी शिवणकाम करायची, म्हणून मंडळीत तिला शिवणवाली म्हणत. गायनवृंदाचे पांढरे झगे तिनेच शिवलेले. हाताला अशी सफाई की टाका शोधून सापडत नसे. झगा द्यायला आली की गळ्यापाशी एक कागदाचा तुकडा टाचलेला असायचा, त्यावर माप आणि गाणाऱ्याचं नाव, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. बोलायची कमी, हसताना तोंडावर हात धरायची. डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसायची.

तिचा नवरा कुलूपवाला. जिन्याखाली त्याचं दुकान, दारात पितळी किल्ल्यांचे झुबके, आत किल्ली घासायचं यंत्र. माणूस एकदम दिलखुलास. अडलेल्याचं दार उघडायला भर जेवणातून उठून जाणारा. चर्चची सगळी कुलपं त्याने फुकट बसवून दिली होती, त्या पेटीचंसुद्धा. गायनवृंदात पुरुषांच्या रांगेत त्याचा आवाज सगळ्यांत भरदार. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळातले म्हातारे त्याच्यावर खूश, आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या आईची खोली आतून अडकली होती तेव्हा तोच धावत आला होता.

पहिली चिठ्ठी काय होती हे मला फार उशिरा कळलं. काकांनी ती जाळली होती, पण प्रूफ तपासणाऱ्याच्या डोक्यातून वाचलेलं पान जात नाही. त्यांनी मला ती स्वल्पविरामांसकट म्हणून दाखवली:

'माझ्यासाठी प्रार्थना करा. घरातला माणूस बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो. मला फक्त चर्चपुरतं सोडतो. विचारलं की हात उचलतो. मला भीती वाटते, पण कोणाला सांगितलं तर तो काय करेल, याची त्याहून जास्त वाटते.'

काकांनी त्या शनिवारी मला ओळ सांगितली: 'एका भगिनीच्या घरातील शांतीसाठी.'

मी टाइप केली. वर एका आजोबांच्या मोतीबिंदूची ओळ होती, खाली एका मुलीच्या परीक्षेची. रविवारी मी तिन्ही एकाच आवाजात वाचल्या. प्रत्येक ओळीनंतर मंडळी 'आमेन' म्हणते. तेव्हा लक्षात आलं नाही, पण आता डोळे मिटले की ऐकू येतं. त्या ओळीला सगळ्यात मोठं आमेन पुरुषांच्या रांगेतून आलं होतं.

अक्षर कोणाचं ते काकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. कुलूप वाचल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. मी नंतर त्यांना विचारलं, ओरडूनच विचारलं, की मग तुम्ही गप्प का बसलात? ते म्हणाले, "गप्प नाही बसलो. तेच तर चुकलं."

झालं असं. पहिल्या चिठ्ठीनंतर काकांना झोप लागेना. एकीकडे ती बाई, दुसरीकडे तो मास्तर. खरं असलं तर? खोटं असलं तर? त्यांनी त्यांच्या मते सगळ्यात सभ्य वाट काढली. कपाटाची किल्ली करून घ्यायच्या निमित्ताने ते जिन्याखालच्या दुकानात गेले. किल्ली घासून होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, आणि उठताना हळूच म्हणाले, "घरी सगळं बरं आहे ना? काही असलं तर सांगत जा. आम्ही परके नाही."

कुलूपवाल्याने यंत्र बंद केलं. किल्लीवरचा पितळेचा भुगा फुंकून उडवला. मग हसून म्हणाला, "तुमच्या प्रार्थनेने सगळं शांत आहे, काका." पैसेही घेतले नाहीत.

काका समाधानाने घरी आले. एका वाक्यात काम झालं, कोणाचा अपमान झाला नाही. त्यांना वाटलं, माणसाला एवढा इशारा पुरे असतो.

दुसरी चिठ्ठी पुढच्या शनिवारी निघाली. अक्षर तेच, पण ओळी वर-खाली गेलेल्या.

'कोणीतरी त्याला काही बोललं. तो दिवसभर विचारत होता, कोणाला सांगितलंस. कृपा करून त्याच्याशी बोलू नका. फक्त देवाशी बोला. आणि मोठ्याने वाचताना असं वाचा, की मी आहे हे त्याला कळणार नाही, पण तुम्हाला कळलंय हे मला कळेल.'

काय मागत होती ती? एक खूण. एखादा शब्द मागेपुढे. काकांसारख्या माणसाला हे काय अवघड होतं? आयुष्यभर शब्दच तर हलवले त्यांनी. पण काकांची आता पाचावर धारण बसली होती. आपल्या एका वाक्याने तिला त्रास झाला, तेव्हा आता एक अक्षरही बदलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ओळ तीच ठेवली: 'एका भगिनीच्या घरातील शांतीसाठी.' मी वाचली. तिसऱ्या बाकावर ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, किती लक्ष देऊन ऐकते. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा.

तिसरी चिठ्ठी अर्ध्या लांबीची होती. 'त्याने खिडकीलाही कुलूप बसवलं. प्रार्थना चालू ठेवा.' काकांनी पाळकसाहेबांकडे जायचं ठरवलं. त्यांच्या दारापर्यंत गेलेही. पण आतून पंचांचं हसणं ऐकू आलं, आणि त्या हसण्यात कुलूपवाल्याचा आवाज होता. चर्चच्या मागच्या दाराचं नवं कुलूप कसं असावं, याची चर्चा चालली होती. काका उंबऱ्यावरून परत फिरले. ओळ तीच.

चौथ्या चिठ्ठीत प्रार्थना मागितलेलीच नव्हती. 'माझं शिवणयंत्र माझ्या बहिणीला द्यावं. त्यावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नाही, ते मला आईने दिलं होतं.' खाली बहिणीचा पत्ता. काकांना हे विनंतीच्या पानात कुठे बसवावं कळेना. ही तर घरगुती व्यवस्था झाली, प्रार्थना नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पत्ता त्यांनी पाठ केला, नको असताना. चिठ्ठी जाळली. आणि मला सांगितलं, "तीच ओळ या आठवड्यातही राहू दे."

मी चिडवलं त्यांना. "काका, या भगिनीच्या घरात शांती यायचं नाव घेत नाही. दुसरी एखादी प्रार्थना करून बघू या का?"

हे बोलणारी जीभ माझीच. काका हसले नाहीत, तेव्हा तरी मला समजायला हवं होतं.

पाचव्या शनिवारी काकांनी पहिल्यांदाच नियम मोडला. चिठ्ठी उलगडून बराच वेळ बघत राहिले आणि मग ती माझ्यापुढे सरकवली. त्यांचा चेहरा उजळला होता. "हे बघ," ते म्हणाले. "कापायला काही नाही. एक अक्षर नाही. शिकली ती."

चिठ्ठीवर बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं:

'एका भगिनीच्या घरातील शांतीसाठी.'

मी ते अक्षर लगेच ओळखलं. झग्यांच्या गळ्यापाशी टाचलेले तुकडे डोळ्यांपुढे आले. माणूस देवापुढे आपलं दुःख मांडायला येतं आणि आमचं वाक्य लिहून जातं?

"काका, ही आधी काय लिहायची?"

"ते आता राहिलं नाही," ते म्हणाले. "जाळलं."

"पण काय होतं?"

"लांब होतं," काका म्हणाले, आणि पुढची चिठ्ठी उचलली.

मी आणखी विचारलं नाही. का विचारलं नाही याची कारणं मी स्वतःला खूप दिली आहेत. बाराला घरी पाहुणे यायचे होते, यंत्रातली शाई संपत आली होती. त्यातलं एकही कारण उभं राहत नाही. त्या क्षणी उठून तिच्या घरी गेले असते तर चालत सात मिनिटं लागली असती. मी नंतर चालून बघितलं आहे.

रविवारी मी ओळ वाचली. तिसऱ्या बाकाचं भिंतीकडचं टोक रिकामं होतं. उपासना संपल्यावर मी कुलूपवाल्याला विचारलं, "आज वहिनी नाहीत?" तो झगा उतरवत होता. घडी अगदी व्यवस्थित घातली, बाहीवर बाही ठेवून. "ताप आहे," तो म्हणाला. "पडून आहे. तुमची प्रार्थना आहेच ना."

मंगळवारी दुपारी ती गेली. कुलूपवाल्याने स्वतःच डॉक्टरांना बोलावलं. जिन्यावरून पाय घसरला, असं त्याने सांगितलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी अंगावरच्या खुणा पाहिल्या. काही खुणा जुन्या होत्या, पिवळ्या पडलेल्या. जिना एका दिवसात इतक्या तारखांच्या खुणा कशा करेल, एवढंच त्यांनी विचारलं आणि पोलिसांना फोन केला.

बुधवारी काका माझ्या घरी आले. चपला दाराबाहेर काढायच्या विसरले. ओट्यापाशी उभे राहूनच त्यांनी चारही चिठ्ठ्या म्हणून दाखवल्या, पहिल्यापासून, एक शब्द न वगळता. मी कणीक मळत होते. हात तसेच पिठात राहिले. काकांना इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता?"

मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना. आणि ते इतके म्हातारे दिसत होते की बोलवेना. मी हात धुतले आणि म्हटलं, "चला."

पोलीस चौकीत साहेब भले निघाले. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "बाबा, त्या चिठ्ठ्या द्या."

"जाळल्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पाचही?"

"पाचही."

"का?"

मी तर जमिनीकडेच बघत होते. काका म्हणाले, "तिचा मान राहावा म्हणून."

साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि मग म्हणाले, "तिच्या हातचं काही असतं तर फार काम झालं असतं."

कुलूपवाल्याला दोनदा चौकशीला नेलं आणि दोनदा सोडलं. शनिवारपर्यंत तो घरीच होता. शनिवारी सकाळी तो पत्रकाच्या खोलीत आला. दार उघडंच होतं, तरी टकटक करून आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याच्यामागे पंचांपैकी दोघं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

"काका, तिच्या निधनाची ओळ तुम्हीच लिहा," तो म्हणाला. "नेहमीसारखी. थोडक्यात, मानाने."

पंचांपैकी थोरले म्हणाले, "अपघाती निधन, प्रभूमध्ये विसावली. एवढं पुरे. पोलिसांचं पोलीस बघतील, आपण कोणाचा न्याय करणारे कोण?"

काकांनी मान हलवली. होकार की नकार, ते त्या मानेवरून कळलं नाही. ते लोक गेल्यावर काकांनी दाराला आतून कडी लावली आणि लिहायला बसले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा खोडताना पाहिलं. दुसऱ्याचं खोडताना नव्हे, स्वतःचं. अकरा कागद झाले. एकदा त्यांनी नवऱ्याबद्दल लिहिलं आणि फाडलं. "मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "जे पाहिलं नाही ते लिहिणार नाही. पण जे वाचलं ते वाचलं." एकदा स्वतःबद्दल लांबलचक लिहिलं आणि तेही फाडलं. "रडगाणं झालं. जागा तिची आहे."

दीडच्या सुमारास पाळकसाहेब आले. कागद उभ्यानेच वाचला. भला माणूस, पण भिडस्त. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "काका, हे वाचलं तर मंडळी फुटेल."

"फुटेल," काका म्हणाले.

"यात एखादा शब्द कमी करता येईल का?"

"तुम्हीच बघा, साहेब. मला सापडत नाही."

पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा वाचला. कागद माझ्या हातात दिला, आणि खुर्चीवर बसून दोन्ही हातांत तोंड लपवलं.

रविवारी कुलूपवाला पहिल्या बाकावर बसला होता, काळ्या कोटात. गायनवृंदात त्याची जागा मोकळी ठेवली होती. सगळ्यांनी घातलेले पांढरे झगे तिच्या हातचे होते. मी पुढे गेले. कागद व्यासपीठावर ठेवला आणि वाचला. सुरुवातीला तिचं नाव होतं, पूर्ण. विनंत्यांच्या पानावर ते कधी आलंच नव्हतं. मग होतं ते असं:

'आपली ही भगिनी मंगळवारी गेली. कशी, ते पोलीस शोधत आहेत. त्याआधी पाच आठवडे तिने दाराशी लावलेल्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या. घरात आपल्याला कोंडून ठेवतात, हात उचलतात, भीती वाटते, असं तिने लिहिलं होतं. मी ते कापून "शांतीसाठी" केलं. तिने मदत मागितली होती. आपण आमेन म्हणालो.'

खाली काकांचं नाव.

मी मान वर केली. कुलूपवाला माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. दुकानात नवं कुलूप हातात घेऊन तो जसा बघायचा, कुठून उघडेल याचा अंदाज घेत, तसा. मग तो शांतपणे उठला, मधल्या वाटेने चालत गेला आणि बाहेर पडला. थोरले पंच त्याच्यामागे गेले. आणखी सात-आठ जण उठले. काका दाराजवळच्या शेवटच्या बाकाच्या टोकाशी उभे होते, जाणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोरून गेला, आणि त्यांनी कोणाकडेही पाठ केली नाही.

तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. कुलूपवाल्याच्या शेजारची. "आमची भिंत एकच आहे," ती म्हणाली. "मला ऐकू यायचं." आणि खाली बसून हुंदके देऊ लागली. त्या संध्याकाळी ती साहेबांपुढे बसून तासभर बोलली. सोमवारी कुलूपवाल्याला नेलं. खटला अजून चालू आहे, आणि आमची निम्मी मंडळी दुसऱ्या चर्चला जाते. रस्त्यात काका दिसले की त्यातले काही पलीकडून जातात.

त्या रविवारनंतरच्या शनिवारी आम्ही दहा वाजता पेटी उघडली. मला वाटलं होतं, रिकामीच असेल. आत तीन चिठ्ठ्या होत्या. तीन वेगवेगळी अक्षरं, तिन्ही बायकांची. एकीने दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं आणि कडेच्या कोऱ्या जागेतही. काकांनी पेन्सिल घेतलीच नाही. चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "वाच. सगळं वाच."

मी वाचलं. तिसरी वाचताना मला मध्ये थांबावं लागलं, कारण ते घर मला माहीत होतं. त्या घरचा माणूस दर रविवारी मंडळीला शास्त्रपाठ वाचून दाखवतो. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो साक्षीला उभा होता.

काकांनी चिठ्ठ्यांची घडी घालून खिशात ठेवली. जाळायचा डबा त्यांनी आदल्याच दिवशी भंगारात दिला होता. तिन्ही चिठ्ठ्यांवर नाव होतं, पत्ताही. मी पाळकसाहेबांना आणि त्या डॉक्टरबाईंना फोन केला, कुठे येऊन भेटायचं ते सांगितलं. काकांनी चपला घातल्या, आणि आम्ही पहिल्या पत्त्यावर निघालो.